सत्तावन्न वर्षांचं शिळं

सास्तूरच्या वाचनालयात बारा संगणक होते आणि बारांच्या नशिबी इंटरनेटची एकच बारीक लाइन. एकीनं व्हिडिओ लावला की बाकीच्या अकराजणींनी भिंतीकडं बघत बसायचं, असा तिथला रिवाज. तो मोडायचा चंग शिवरंजनीनं बांधला होता. सोलापुरात चार वर्षं संगणकाचं काम करून ती गावी परतली होती, आणि परतलेल्या माणसाला गावात काहीतरी करून दाखवावंच लागतं, नाहीतर लोक परतण्याचं कारण विचारत बसतात.

तिनं कपाटामागं पडलेला जुना संगणक झटकून काढला आणि त्याचा प्रॉक्सी सर्व्हर केला. बाराही संगणकांनी जे मागायचं ते त्याच्याकडं मागायचं. त्यानं ते बाहेरून एकदाच आणायचं, आपल्यापाशी ठेवून घ्यायचं आणि दुसऱ्यानं मागितलं की घरातलंच काढून द्यायचं. वाचनालयाचे सचिव हणमंतप्पा, म्हणजे गावाचे आप्पा, यांनी हे ऐकलं आणि धान्य साठवायच्या कणगीवरून यंत्राचं बारसं करून टाकलं, 'कणगी'.

कणगी हवी होती ती बारा मुलींसाठी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे धडे इंटरनेटवर फुकट मिळत होते. शिवरंजनी घरोघर फिरली होती. "उमरग्याच्या क्लासला कशाला धाडता, सगळं इथंच होईल," असं छातीठोकपणे सांगून आली होती. निकिताच्या आईनं, सारजाबाईनं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोमवारपर्यंत बघते, मॅडम. जमलं तर ठीक. न्हाय जमलं तर पोरगी घरी. रोज यष्टीनं उमरग्याला धाडायला तिचे वडील तयार न्हाईत." सारजाबाईच्या घरानं पोरगी मागं घेतली की गल्लीतली बाकीची घरंही घेणार, हे शिवरंजनीला ठाऊक होतं.

मंगळवारी, पहिल्या दिवशी, दोन संगणकांवर करून बघितलं, तेव्हा कणगी अशी चालली की शिवरंजनीनं खुशीत त्या दिवसाच्या नोंदीचा कागद छापून भिंतीवर चिकटवला. मग बुधवारी दिवसभर वीज गेली. गुरुवारी बाराजणी बसल्या आणि बारा पडद्यांवर बारा चक्रं गरगर फिरत राहिली. शुक्रवारीही तेच. आज शनिवार होता.

सकाळपासून शिवरंजनी आणि निकिता त्या यंत्रापुढं ठाण मांडून बसल्या होत्या. वायर बदलली. मेमरी काढून पुसून परत बसवली. डिस्कवर जागा आहे का बघितलं, तर जागा होती. साठवायची परवानगी आहे का बघितलं, तर परवानगीही होती. कणगीला स्वतःचा पडदा नव्हता. शेजारच्या संगणकावरून तिची नोंदवही उघडावी लागे, आणि त्या नोंदवहीत ओळीमागून ओळ एकच रडगाणं होतं: घरात नाही, बाहेरून आणलं. घरात नाही, बाहेरून आणलं.

"ताई, पण घरात तर हाय की," निकिता डिस्ककडं बोट दाखवत म्हणाली. "कालचा रक्तदाबाचा धडा हितं दिसतोय."

"दिसतोय ना. तेच तर," शिवरंजनी म्हणाली. डोक्याचा पार भुगा झाला होता तिच्या. भरल्या कणगीपुढं बसून शेजारणीकडं ज्वारी मागायला जावं, असा हा प्रकार होता, आणि तो का चाललाय हे काही केल्या कळत नव्हतं.

दुपारी सारजाबाई लेकीचा डबा घेऊन आली. डबा हे निमित्त होतं. खरं म्हणजे काय चाललंय ते बघायला ती आली होती, आणि तिनं ते लपवलंही नाही.

"लागलं का मार्गी?"

"साठवतंय सगळं, मावशी. पण मागितलं की देत नाही. परत बाहेर पळतंय."

सारजाबाईनं डब्याचं झाकण उघडून भाकरी चाचपली. "शिळं झालं आसंल. म्हणून देत नसंल."

निकिता हसली. शिवरंजनी हसली नाही. ती डब्यातल्या भाकरीकडं बघत राहिली. कारण हे यंत्र खरोखरच तसं वागतं. प्रत्येक साठवलेल्या गोष्टीवर ती किती दिवस चालेल हे लिहिलेलं असतं. मुदत संपली की ती शिळी, मग बाहेरून ताजी आणायची. पण सकाळी आणलेला धडा दुपारी शिळा कसा होईल?

"निकिता, भिंतीवरचा कागद आण."

त्या नोंदवहीत तारीख नसते. एकोणीसशे सत्तर सालापासून किती सेकंद झाले त्याचा लांबलचक आकडा असतो, आणि तो वाचायचा कंटाळा शिवरंजनीलाच काय, कुणालाही येतो. निकितानं कागद पडद्याशेजारी धरला.

"ताई, ह्यातले आकडे सतरापासून सुरू होतेत. आजचे पस्तीसपासून."

शिवरंजनीनं यंत्राला तारीख विचारली. यंत्रानं दिवस बरोबर सांगितला, महिना बरोबर सांगितला, आणि साल सांगितलं दोन हजार ब्याऐंशी. कणगीच्या हिशेबानं बाहेरून येणारा प्रत्येक धडा सत्तावन्न वर्षांचा शिळा होता. असं शिळं कोण पुढं वाढणार?

"दोन हजार ब्याऐंशी कुठून आलं?" ती पुटपुटली.

दारात आप्पा उभे होते. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस, यंत्राला भिणारा नव्हे. पण आत्ता त्यांचा चेहरा पडला होता.

"त्ये म्या टाकलं," ते म्हणाले. "बुधवारी सांजच्याला, तू घरी गेल्यावर, वीज आली, तर कणगी नुसती टॅं-टॅं करायली. पडदा जोडून बघितलं तर तारीख मागायली. आतल्या घड्याळाचा सेल मेला आसंल. तू कणगीवर चिठ्ठी चिकटवलेली व्हतीस, कॅलेंडर बघून तारीख टाका म्हणून. म्या कॅलेंडर बघितलं. शके एकोणीसशे सत्तेचाळीस टाकलं, घेईना. दोनदा टाकलं, घेईना. म्हटलं शके चालत न्हाय तर शेजारचं संवत बघावं. दोन हजार ब्याऐंशी टाकलं, गपकन घेतलं."

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर आप्पा रोज सकाळी तिथी, वार आणि शके लिहीत. तीस वर्षांत इसवी सन त्या फळ्यावर कधी चढला नव्हता. हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि शिवरंजनी रोज त्या फळ्याखालूनच आत येत होती.

तिला आधी राग आला, चांगला सणकून आला. दोन दिवस आणि एवढी धाकधूक, एका संवतापायी. मग तिची नजर चिठ्ठीवर गेली. अक्षर तिचंच होतं, आणि साल कोणतं टाकायचं हे तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. इंटरनेटवरून वेळ आपोआप लावून घ्यायची सोय तर ती 'उद्या करू' म्हणून मंगळवारपासून टाळत आली होती.

"आप्पा, चूक चिठ्ठीची आहे," ती सारजाबाईकडं न बघता म्हणाली. "आणि चिठ्ठी माझी."

आप्पांनी कणगी उघडून मेलेला सेल काढला. चपला घालून उन्हात गेले आणि घड्याळाच्या दुकानातून बटणासारखा नवा सेल घेऊन आले. शिवरंजनीनं तो बसवला, साल दुरुस्त केलं, वेळ आपोआप लागेल अशी व्यवस्था केली, आणि घोटाळलेला साठा पुसून कणगी रिकामी केली. तोवर निकिता पळत जाऊन बाकीच्या अकराजणींना घेऊन आली होती.

पहिला धडा निकितानं लावला. चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. सारजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. शेवटी धडा सुरू झाला आणि निकितानं तो पुरा होऊ दिला.

"आता बाकीच्यांनी लावा," शिवरंजनी म्हणाली.

अकरा बटणं दाबली गेली. चक्र दिसलं न दिसलं तोच धडे सुरू झाले, सगळे थोडे मागंपुढं, आणि खोलीभर "आज आपण रक्तदाब, रक्तदाब, रक्तदाब मोजायला शिकू" असा कल्ला उठला. नोंदवहीत ओळीमागून ओळ उमटत होती: घरातलं दिलं, घरातलं दिलं. मुली एकमेकींच्या पडद्यांकडं बघून खिदळत होत्या. आप्पा खडू घेऊन बाहेर गेले आणि फळ्यावर शकेच्या खाली त्यांनी नवी ओळ लिहिली, 'कणगीचं साल २०२५'.

सारजाबाईनं बाराही पडदे एकेक करून बघितले. तिला घाई नव्हती.

"हे राखून ठेवलेलंच दिलं न्हवं?"

"हो, मावशी. मघाशी निकितानं लावलं तेच."

"मग ह्याला शिळं न्हाईत म्हणत," सारजाबाई म्हणाली. "सकाळचं म्हणतेत."

तिनं रिकामा डबा पिशवीत टाकला आणि लेकीकडं वळली. "सोमवारपासून जेवायला घरी येशील, का डबा हितंच आणत जाऊ?"

"हितंच आण," निकिता पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली.

दोन दिवसांत पहिल्यांदाच शिवरंजनीला भूक लागली.