साखरशेतात मिळालेला डोळा

मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. माझ्या जातीच्या ड्राइव्हला खूण पाहायला एकच डोळा असतो. मला दोन आहेत. पहिला समुद्रापलीकडच्या कारखान्यात बसवला. दुसरा बसवला जव्हार तालुक्यातल्या साखरशेत गावात, एका घराच्या ओटीवर. मला अभिमान आहे तो या दुसऱ्याचा.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी फ्लॉपी पाहिली नसेल. काळे चौकोनी पाकीट असते. त्याच्या आत पातळ गोल चकती फिरते आणि त्या चकतीवर संगणकाचे लिहिणे असते. मधल्या मोठ्या भोकाशेजारी पाकिटाला आणि आतल्या चकतीला नाचणीच्या दाण्याएवढे एकेक छिद्र असते. चकती फिरताना दर फेरीला ती दोन्ही समोरासमोर आली की त्यांतून प्रकाश येतो आणि माझा डोळा ओळखतो, की इथून नवी फेरी सुरू झाली. ती खूण दिसल्याशिवाय मी एक अक्षर बाहेर सोडत नाही. माझी घडणच तशी आहे.

माझी उमेदीची वर्षे मोखाड्याच्या एका कचेरीत गेली. तिथे रंजनाबाई संगणकावर बसत. रोज सकाळी आधी मला पुसत, मग स्वतःचा चष्मा. फ्लॉपी घालून माझा दांडा खाली करताना म्हणत, "चल रे बाबा, लाग कामाला." मी घुर्र करून कामाला लागे. बाहेर बाजार भरलेला असे, जीपवाले ओरडत असत, पण माझे चित्त फक्त त्या फिरत्या चकतीवर. मी एकही कागद चुकवला नाही.

पुढे माझ्यापेक्षा लहान फ्लॉपी आल्या, लहान ड्राइव्ह आले. त्यांच्यामागून तर बोटाएवढा पेनड्राइव्ह आला. रंजनाबाई निवृत्त झाल्या. मला माळ्यावर टाकले. तिथे माझ्या सोबतीला एक मोडका माऊस होता, पोटात गोळी असलेला जुन्या पद्धतीचा. पावसाळे गेले. पाली आमच्यावरून धावल्या. शेवटी आम्ही दोघे एकाच पोत्यातून भंगारात गेलो.

तिथून मला उचलले प्रतिभाताईंनी. त्या जव्हारला तांत्रिक शिक्षण देणाऱ्या एका शाळेत शिकवतात. जुन्या फ्लॉपींवरचे लिहिणे नव्या संगणकात उतरवून घ्यायचा त्यांना नाद आहे. त्यांनी मला साखरशेतच्या घरी नेले, बाजूला ठेवलेला माऊसही सुट्या भागांसाठी पिशवीत टाकला. माझ्या रुळांना तेल दिले, मला लॅपटॉपला जोडले. इतक्या वर्षांनी माझा हिरवा दिवा लागला.

आता देवरामबाबांची गोष्ट सांगतो, कारण त्यांच्यावाचून माझी पुरी होत नाही.

मोखाड्याकडच्या गावांत दर वर्षी बोहाडा होतो. देवादैत्यांचे मुखवटे घालून माणसे नाचतात, त्याला सोंग म्हणतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे ते ठरलेले असते. तो त्या घराचा मान. देवरामबाबांच्या घराकडे त्राटिकेचा मान. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा त्यांच्या आज्याने कोरलेला. आणि दर सोंगाची पिपाणीवरची चाल वेगळी. त्राटिकेची चाल एकट्या बुधाला येत होती. बुधा म्हणजे देवरामबाबांचा चुलतभाऊ. तो वारला, मुले कामाला ठाण्याकडे गेलेली, चाल कुणी उचललीच नाही. दर वर्षी बुधा वाजवतच होता, मग ती जपून ठेवायची कुणाला सुचणार?

बुधामागे देवरामबाबा एकदा दुसऱ्याच चालीवर उतरले. पाय अडकले. अर्ध्यातून परत फिरले, माणसे हसली. तेव्हापासून त्राटिका भिंतीला टांगलेली. यंदा गावच्या जुन्या माणसांनी बजावले, "ह्या साली ती नाचली नाय, तर मान दुसऱ्या घराला देऊ. रिकामी जागा किती दिवस ठेवायची?"

अशा वेळी देवरामबाबांना सुदर्शन सरांची आठवण झाली. सर म्हणजे प्रतिभाताईंचे वडील. पूर्वी मोखाड्याला शिकवत, आता साखरशेतच्या घरीच असतात. मुलांनी संगणकाला भिऊ नये म्हणून त्यांनी बुधाला शाळेत बसवून एक गंमत केली होती. बुधाने एकेक सूर वाजवायचा, सरांनी तसाच आवाज काढणारा आकडा आपल्या छोट्या संगणकात घालायचा. शेवटी संगणकच त्राटिकेची चाल वाजवू लागला होता. तो संगणक केव्हाच ओल लागून मेला. फ्लॉपी तेवढी पत्र्याच्या डब्यात राहिली होती.

एका दुपारी देवरामबाबा साखरशेतला आले. बरोबर त्यांची बायको हौशीआजी आणि गावात पिपाणी वाजवणारा उमेश. देवरामबाबा माझ्यासमोर उकिडवे बसले.

"ह्या डबड्याकडून मी चाल शिकू, बाबा?" उमेश हसला.

"तुला माणसाकडून आली नाय ना? मंग गप बस," हौशीआजी म्हणाल्या.

प्रतिभाताईंनी फ्लॉपी माझ्यात घातली. कडेला बुरशी होती, चकती खरखरत होती. मी जपून वाचले. लॅपटॉपवर अक्षरे उमटली. देवरामबाबा प्रौढशिक्षणाच्या वर्गात, केस पिकल्यावर अक्षर शिकलेले. बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचले, "बे एके बे. बे दुणे चार." आणि थांबले.

ते पाढे होते. मुलांसाठी केलेले.

"बुधा ह्याच्यात नाय," देवरामबाबा हळूच म्हणाले.

"आता पाढ्यांवर नाचा," हौशीआजी म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आले नाही.

तेवढ्यात खुर्चीवरून सर बोलले. "उलटी घाल की ती! फ्लॉपी मिळायची मारामार होती तेव्हा. कडेला खाच पाडून मी मागच्या अंगालाही लिहायचो. पाटीच्या दोन्ही अंगांना लिहितो ना आपण?"

"आणि हे आत्ता सांगताय, बाबा?" प्रतिभाताई म्हणाल्या.

"तू आत्ता विचारलंस!"

फ्लॉपी उलटी घातली. चकती फिरली, आणि मी आंधळा झालो. पाकीट उलटले की त्यावरचे छिद्र दुसऱ्या बाजूला जाते. माझा प्रकाश काळ्या पाकिटावर आपटून परत येत होता. खूण दिसेना, म्हणून मी गप्प. सरांच्या जुन्या यंत्राला खुणेची गरजच नव्हती, त्याने सहज लिहिले होते. मला वाचता येईना. मित्रांनो, समोर ताट आहे आणि तोंड बांधलेले, तसे मला झाले.

"पाकिटाला भोक पाड दुसऱ्या बाजूला," सर म्हणाले.

"नको. आतली चकती नाजूक झालीय, टोक लागलं तर संपलं. बदल करायचा तो ड्राइव्हमध्ये. बिघडलाच तर हा बिघडेल."

हे ऐकून मी घाबरलो नाही म्हणालो तर खोटे होईल.

ताईंनी माझे झाकण काढले. मधल्या भोकाच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्या डोळ्यासमोर, पत्र्यात बारीक छेद पाडला. त्या जुन्या माऊसच्या पोटात प्रकाश सोडणारा एक दिवा आणि तो पाहणारा एक सेन्सर होता. ते दोन्ही काढून माझ्या छेदावर बसवले आणि तारांना डाग दिले. माळ्यावरचा माझा सोबती असा माझ्यात आला.

"कशाचा डोळा म्हणालीस, पोरी?" हौशीआजींनी विचारले.

"माऊसचा. म्हणजे उंदीर, आजी."

"आगं बाई, उंदराचा? मंग कणगीजवळ नको ठेवू त्याला."

फ्लॉपी पुन्हा उलटी आत गेली. चकती फिरली, आणि नव्या डोळ्यात लख्ख प्रकाश आला. एक फेरी, दुसरी, तिसरी. खूण दिसली. माझी वाचा सुटली. बुरशीच्या जागी मी अडखळत होतो, ताई मला तीच फेरी पुन्हा वाचायला लावत होत्या, आणि मी वाचत होतो. एवढे मन लावून मी कचेरीतही काम केले नव्हते. सगळी नक्कल लॅपटॉपमध्ये उतरली. मग ताईंनी सरांच्या जुन्या संगणकासारखे वागणारा एक प्रोग्राम चालू केला आणि ती नक्कल त्याला दिली.

पीं पीं पीपी पीं, आवाज आला.

"कोंबडीचं पिल्लू वरडतंय," उमेश म्हणाला. पण लगेच त्याने पिपाणी ओठाला लावली आणि मागोमाग वाजवू लागला.

आणि मध्येच आवाज थांबला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला. ताईंनी मला परत वाचायला लावले. परत त्याच जागी तेच. "इथली चकती गेलेली दिसते," त्या म्हणाल्या. "तेवढा तुकडा हरवला." मी खाली मान घातली असती, पण मला मान नाही. मला वाटत होते, जे होते ते मी सगळे वाचले आहे. पण यंत्राने तोंडाने कसे सांगावे?

"पुन्हा लाव," देवरामबाबा म्हणाले आणि अंगणात उतरले.

चाल सुरू झाली. त्यांचे पाय आपोआप पडू लागले. डावा, उजवा, डावा, गिरकी. आवाज थांबला त्याच क्षणी ते खाली बसले, मान फिरवून हौशीआजींकडे डोळे वटारून पाहिले, आणि झेप घेऊन उठले. त्यांचा पाय जमिनीला लागला आणि आवाज सुरू झाला. दोन्ही एकाच वेळी.

"काय गेलं नाय!" ते ओरडले. "इथं ती पोरांना भिववते. पिपाणी गप, नुसता संबळ! बुधा इथं दम खायचा."

"मेला त्या वेळी पान खायचा," हौशीआजी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ताईंनी माझ्यावर हात ठेवला. मी बुधाचे सूर तर वाचलेच होते. त्याचे गप्प राहणेसुद्धा एका फेरीने इकडेतिकडे होऊ दिले नव्हते.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, चांगले उजाडल्यावर त्राटिका निघाली. उमेशची पिपाणी थांबली तिथे लहान पोरे किंचाळत आयांच्या मागे लपली. मान देवरामबाबांच्या घरात राहिला. मी तिथे नव्हतो. हे मला त्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी ते जीपने साखरशेतला आले, मुखवट्यापुढचे खोबरे माझ्यापुढे ठेवले आणि चिमटीभर कुंकू माझ्या कपाळाला लावू लागले.

"बाबा, बाहेरूनच लावा," ताई ओरडल्या. "आत गेलं तर डोळा झाकेल त्याचा!"

"कुठला? उंदराचा का सोताचा?"

"दोन्ही!"

मित्रांनो, ते कुंकू अजून माझ्या पत्र्यावर आहे. ताई मला पुसतात तेव्हा तेवढी जागा सोडून पुसतात. तुमच्या घरीही माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात काही पडले असेल. ते टाकायला निघालात तर माझे एवढे ऐका. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग उलटून मागची बाजू पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायलाही विसरू नका. सरांसारखे असले, तर विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत.