पुडीतला ठोका

मी घड्याळातला खटका बोलतोय. कारागीर मला एस्केपमेंट म्हणतात. एक दातेरी चाक आणि त्याला अडवून सोडणारी इवलीशी पट्टी, एवढाच माझा जीव. तुम्ही टिकटिक ऐकता ना, ती माझी.

जन्म बाकी मोठ्या घरातला! आमची कंपनी मशीन बाहेरून आणत नसे, स्क्रूसुद्धा घरचा. एका कारागिरानं डोळ्याला भिंग लावून मला आठ दिवस घासलं, आणि मी एका साहेबांच्या मनगटावर गेलो.

मनगटावर बसलं की घरातलं सगळं कळतं, मुद्दाम कान द्यावा लागत नाही. साहेबांची नाडी माझ्या खालीच. दर दहा-बारा ठोक्यांनी एक गाळायची. चाळीस वर्षांचा शेजार. मलाही तीच खोड लागली. घड्याळ मागे पडायचं.

साहेब गेले. बाई रोज दुपारी चावी देऊन घड्याळ कानाशी धरायच्या. ठोका गळला की म्हणायच्या, "आहात ना? मग ठीक."

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई खूश होईल म्हणून तिनं घड्याळ गुपचूप कंपनीत नेलं.

"मशीन आमच्या घरचंच ठेवलंय, ताई," तिथला कारागीर म्हणाला. "खटका तेवढा नव्या पद्धतीचा. तेल नको की काही नको." काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची त्यांची रीत. मला कागदाच्या पुडीत बांधलं.

बाईंनी घड्याळ कानाशी धरलं. बराच वेळ.

"हे कोण गं?"

"आई, दुरुस्त करून आणलंय!"

"दुरुस्त कसलं? घालवलंस त्यांना!"

मुलगी रडकुंडीला आली. "जुना खटका आहे ना पुडीत. परत बसवून आणते."

बाईंनी पुडी कानाशी नेली. मुलगीही वाकली.

टिक. टिक. टिक. मग एक गाळलेला.

"आई... याला स्प्रिंगच नाहीये."

"अहो, तिकडेही चैन नाही का तुम्हाला?" बाई हसल्या.

आता मी बाईंच्या मुठीत असतो. जेवतानाही. खरं सांगतो, मला स्वतःचा जोर नाही. मी फक्त अडवतो. ढकलणारं दुसरं कुणी लागतं. कोण ढकलतंय, मला दिसत नाही.

मुठीत बाईंची नाडी माझ्या अंगाला लागते. आजवर सरळ चालायची. काल दुपारी ठोके मोजले: नऊ, दहा, अकरा... आणि एक गळला. आज ती नाडी थांबलीय, मी मात्र चालतोच आहे.

ताई, दाराशी उभी राहून रडू नकोस. आत ये. आईची मूठ उघड.