साडेसातची पाटी

"साहेब, तुम्ही मोटर मोजता की मोटरीची पाटी?"

मी उभी राहून एका दमात विचारलं, आणि पैज जिंकले. सुरक्षा सप्ताहासाठी वीज कार्यालयातले साहेब आमच्या शाळेत आले होते. ओल्या हाताने बटण दाबू नका, तारेवरचा पतंग काढू नका, सगळं सांगून झालं आणि त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" अशा वेळी नववीचा वर्ग एकदम पुतळा होतो. शेजारी बसलेली माझी मैत्रीण मंतशा कानात म्हणाली, "घरी एवढं तोंड चालवतेस ना? उठ आता. नाही उठलीस तर आठवडाभर माझं दप्तर उचलायचं." मागच्या दोघी फिदीफिदी हसल्या. सहावीपर्यंत मी हजेरी द्यायलाही लाजायचे. पण या वर्षी वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आले, आणि तेव्हापासून मला कुठल्याही सभेत उठून उभं राहावंसं वाटतं.

साहेब हसले. "पाटी! मोटर बोअरमध्ये दोनशे फूट खाली. तू उतरतेस का बघायला?"

वर्ग खदाखदा हसला. मग त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?"

"रतिलाल रिवायंडिंगवाल्यांची."

"अच्छा. तुमच्या नाल्याकाठचा ट्रान्सफॉर्मर या उन्हाळ्यात दोनदा जळाला ना? बरी आठवण केलीस. सोमवारी येतो तिथला लोड मोजायला."

मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. आपल्या एका प्रश्नावर ऑफिस गावात येतंय! घरी जाईपर्यंत मी ही गोष्ट सात जणांना सांगितली.

तिथेच चुकलं.

पप्पांचं दुकान शिरपूर-चोपडा रस्त्याला, एसटी थांब्यासमोर. जळालेली मोटर येते, पप्पा जुनी तार उपसतात, नवी भरतात. नाल्याकाठच्या त्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे आमच्या भाषेत डीपीवर, चौदा मोटरी आहेत. त्या चौदाही पप्पांच्या हाताखालून गेलेल्या. कुणाची पाचची, कुणाची साडेसातची, हे पप्पांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण ऑफिसच्या कागदावर बहुतेक सगळ्या तीन एचपीच्या. पूर्वी एचपी बघून बिल यायचं, तेव्हापासून ही रीतच पडली. मोटर दुरुस्त झाली की स्टार्टरच्या पेटीवर पत्र्याची नवी पाटी रिव्हेट करायची, आणि तिच्यावर तीनच ठोकायचं. याला कुणी खोटं म्हणत नाही. "पाटी लावून दे" एवढंच म्हणतात.

आणि पाट्या ठोकायची मी. आकड्यांचे लोखंडी पंच असतात, ते पत्र्यावर उभे धरून हातोडीचा एक घाव घालायचा. दोन घातले तर आकडा डबल दिसतो. माझा आकडा कधी वाकडा येत नाही. पप्पा म्हणायचे, "रूपाचा हात म्हणजे कंपनीचा हात."

शनिवारी दुपारी दुकानात रांग लागली. कुणाची पाटी गंजलेली, कुणाची पडलेली, कुणाच्या पाटीवर कंपनीचा खरा आकडा तसाच. नाल्याकाठचेच प्रेमराज नाना तर फटफटी बंद न करताच ओरडले, "रतिलालभाऊ, तुमच्या पोरीनं साहेबाले घर दाखाडी दिधं! आते तिलेच ठोकू द्या."

सगळे हसले. मीही हसले. त्या दुपारी मी तीनच्या नऊ पाट्या ठोकल्या. नववी आमची स्वतःची होती. आमच्या दोन एकराला साडेसातची मोटर आहे, पाटीवर तीन.

सगळ्यात शेवटी सुनंदाअक्का आल्या. त्यांचे यजमान सुरतेला लूमवर असतात, केळीचा मळा अक्का एकट्या बघतात. पप्पांनी विचारलं, "तीनची ना?"

"काब्र? मनी मोटर साडेसातनी शे. साडेसातनीच ठोका."

"अक्का, सगळ्यांची तीनची आहे."

"बठ्ठासनं बठ्ठा देखोत. मी इतली मोटर चालाडस, मंग लपाडू काब्र?"

एवढी मोटर चालवते तर लपवू कशाला, असं म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच; पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मनात म्हटलं, काय भोळी बाई आहे! तरी सात, टिंब आणि पाच मी अगदी मनापासून ठोकले. टिंब जमवायला अवघड असतं.

सोमवारी साहेब आले. सोबत आमच्या गावचा वायरमन समाधान. चिमट्यासारखं एक यंत्र असतं, टाँग टेस्टर म्हणतात. तारेला नुसता वेढा घालायचा, आतून किती करंट जातोय ते दिसतं. समाधानने ते डीपीखालच्या तारांना लावलं. सगळ्या मोटरी चालू होत्या. मग साहेब बांधाबांधाने फिरून पाट्या वाचून आले. ऊन चव्वेचाळीस डिग्री. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एकेका मोटरीला चिमटा लावायला अख्खा दिवस गेला असता. ते लिंबाच्या सावलीत बसले आणि मोबाइलवर आकडेमोड केली.

मीही तिथेच होते. मला वाटलं होतं, ते माझं नाव घेतील.

"ऐका," साहेब म्हणाले. "पाट्यांप्रमाणे तुमचा लोड साडेसेहेचाळीस एचपी. डीपीला तेवढा सहज झेपतो. पण प्रत्यक्षात लोड निघतोय पंच्याऐंशीच्या आसपास. आता हा जास्तीचा लोड कुणाचा? आम्ही तो पाटीच्या प्रमाणात वाटतो. ज्याची पाटी मोठी, त्याच्या नावावर मोठा वाटा. तेरा जणांकडे येतात प्रत्येकी साडेपाच. आणि या बाईंकडे येतात पावणेचौदा."

नाल्यात एक म्हैस पाण्याशिवाय नुसतीच बसली होती.

"मनी मोटर साडेसातनी," अक्का म्हणाल्या. "ती चौदा कशी वढई, साहेब?"

"बाई, हिशोबच असा असतो."

"मंग हिशोब चुकना."

प्रेमराज नाना खाकरले. "साहेब, बठ्ठा लोड तिनाच शे. आमन्या तर तीन-तीनन्या चिमण्या!"

कुणीतरी हसलंसुद्धा. नानांची मोटर दहाची आहे. तिची पाटी शनिवारी मीच ठोकली होती.

साहेबांनी निर्णय सांगितला. सगळ्यात मोठं कनेक्शन या डीपीवरून काढून शाळेमागच्या डीपीवर टाकायचं. त्यासाठी नवे खांब लागतील. खांब आले की लाइन ओढू.

"कधी येतील?" अक्कांनी विचारलं.

"मंजुरी आली की."

मी पप्पांकडे बघत होते. चौदाच्या चौदा मोटरींचं पोट ज्यांनी उघडून बघितलंय असा माणूस तिथे एकच होता. पप्पा चपलेने माती उकरत होते. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी, तालुक्यात दुसरी आलेली, मीही तोंड उघडलं नाही. समाधान खांबावर चढला आणि अक्कांची तार डीपीवरून सोडवून खाली आला.

आठवडाभर मी त्या रस्त्याने गेलेच नाही. पुढच्या मंगळवारी मंतशा शाळा सुटल्यावर म्हणाली, "चल, अक्कांचा मळा बघून येऊ. अब्बू म्हणत होते, बघवत नाही."

खरंच बघवत नव्हतं. केळीची पानं छत्री मिटल्यासारखी खाली लोंबत होती. नुकतेच घड बाहेर पडून निसवलेली झाडं मध्येच कंबरेत मोडून पडली होती, आणि हिरवी, बोटाएवढी केळी मातीत. शेजारच्या नानांच्या मळ्यात पाणी चालू होतं. त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. अक्का कमरेवर हंडा घेऊन एकेका झाडाला तांब्याने पाणी घालत होत्या. अडीच हजार झाडं, आणि तांब्या.

"अक्का, नानांकडून पाइप टाका ना," मंतशा म्हणाली.

"इचारं. म्हणे, मोटर तीननी शे, पुरत नही."

मग मला बघून त्यांनी हंडा खाली ठेवला. "बरं व्हयनं तू उनी. तुनं अक्षर चांगलं शे. मना एक अर्ज लिखी दे. सकाय मी शिरपूरले ऑफिसमा जास."

मी बांधावर बसले, वही काढली. 'माझी मोटर साडेसात एचपीची असून' इथपर्यंत पेन भराभर चाललं.

"आते लिख, चौदा कोठून उनात ते लिख."

पेन थांबलं.

"लिख ना."

"मला नाही माहीत, अक्का."

"तुले नही? तू तं हुशार पोर." त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ दे. साहेबच सांगी."

त्यांनी अर्ज पदराच्या गाठीला बांधला. परत येताना मंतशा माझ्यापुढे चार पावलं चालत होती. शेवटी म्हणाली, "रूपा, तू माझ्यासमोर खोटं बोललीस."

"मग काय करू? पप्पांचं नाव सांगू?"

"मी कुठे म्हटलं काही?" असं म्हणून ती तिच्या गल्लीत वळली.

घरी पप्पा जेवायला बसले होते. मम्मी ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं, "पप्पा, तुम्ही का बोलला नाहीत?"

पप्पांना कळलं. त्यांनी घास खाली ठेवला. "ते बाकीचे बारा जण माझं गिऱ्हाईक आहे, रूपा. मी बोललो तर उद्यापासून मोटरी चोपड्याला जातील. तुझी अकरावी कशावर करू?"

"माझं नाव घेऊ नका यात."

"का नको? त्या सोमवारी साहेबाला कुणी बोलावलं?"

मम्मी तव्यापाशी बसूनच म्हणाली, "अहो, पोरीला काय..."

"नाही, बरोबर बोलतायत ते," मी म्हणाले. "मीच बोलावलं, पाट्याही मीच ठोकल्या. अक्कांचं नशीब वाईट म्हणून त्यांची केळी वाळत नाहीये. तिथे खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून आपण सगळ्यांनी आपला लोड त्यांच्या डोक्यावर टाकला. आपलाही टाकला, पप्पा. आपल्या साडेसातातले वरचे दोन त्यांच्या नावावर चाललेत."

"दुकान बंद पडेल," पप्पा हळूच म्हणाले.

"पडेल."

"गाव बोलणार नाही आपल्याशी."

"नाही बोलणार. पण उद्या सकाळच्या एसटीने मी अक्कांसोबत शिरपूरला जातेय. शाळा बुडवणार. साहेबांना सांगणार, एकेका मोटरीला चिमटा लावा, आणि सुरुवात आमच्या शेतापासून करा."