फिकट चट्टे

बुधीच्या अंगावर चट्टे होते सात. पाठीवर चार, डाव्या दंडावर दोन, मानेखाली एक. सर्वांत मोठा रुपयाएवढा, सर्वांत लहान करंगळीच्या नखाएवढा. सगळे राखेसारखे फिकट. लाल एकही नाही.

१९३२ सालच्या मार्गशीर्षात कर्जतच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर आबाजींनी हे वहीत टिपलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात महारोगाची चित्रं होती, पण सगळी गोऱ्या कातडीची. तांबूस चट्टा, लाल कड. बुधीच्या काळ्याभोर पाठीवर ती लाली कशी दिसेल, याबद्दल अक्षरही नव्हतं.

"खाज यायची म्हनून बिब्बा लावला तिनं," तिचा नवरा कमळ्या म्हणाला. "फोड आलं, खपल्या पडल्या, मग हे असं झालं."

लहानपणी आबाजींच्या गोऱ्या पायावरही बिब्बा उतला होता. पण तिथे तांबडा डाग राहिला होता, फिकट नव्हे. त्यांना कमळ्याचं म्हणणं पटेना.

ठाकुरवाडीच्या पंचांनी निक्षून सांगितलं होतं, महारोग नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं तरच बुधीनं घरात पाऊल टाकायचं. पंधरा दिवस ती वाडीबाहेरच्या खोपटात होती. तिचं चार महिन्यांचं पोर सासूकडे, शेळीच्या दुधावर. आताही ते सासूच्या, ठकीच्या, मांडीवर होतं आणि बुधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पोर रडलं की तिचा पदर छातीशी ओला होई.

महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. तेव्हा रंग सोडून तेच पाहायचं आबाजींनी ठरवलं. त्यांनी महारोगात जाड होणारी कोपरामागची नस चाचपली. दोन्ही हातांना सारखीच लागली. मग सुई उकळून घेतली आणि बुधीला डोळ्यांवर पदर घ्यायला सांगितला.

"टोचलं की 'हो' म्हण."

चट्ट्यांवर बारा वेळा टोचलं. बुधी गप्प. खांदासुद्धा हलला नाही.

आबाजींनी लिहिलं, बारापैकी शून्य. कमळ्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

ठकी मात्र पोराला थोपटत कौतुकानं म्हणाली, "आमची बुधी लई घट. गोंदताना पन हूं केलं नाय हिनं. ती शेजारची कोंडी अशी बोंबलली, वाडी अजून हसते तिला."

"आये, कोंडीला कशाला मधी आनते?" कमळ्या पुटपुटला.

आबाजींचा हात थांबला. "गोंदताना ओरडलं तर काय होतं, आजी?"

"व्हायचं काय? सुई लागली की गप ऱ्हायचं. बोलली ती हरली. पोरींना ल्हानपनापासून ठावं."

निरोगी कातडीवर आपण टोचून पाहिलंच नाही, हे आबाजींच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी बुधीच्या उजव्या दंडावर, चट्टा नव्हता तिथे, सुई टोचली. बुधी तितकीच गप्प.

"बुधी, कळलं का?"

"कळलं की. पाठीला तर लई लागलं," ती पदराआडून म्हणाली. "पन मी हरले नाय."

"अगं, मी 'हो' म्हणायला सांगितलं होतं ना?"

"गोंदनारीन बी तसंच म्हनते. फसवायला."

कमळ्या हसला. आबाजी हसले नाहीत. पोर परत मिळावं म्हणून बुधी 'कळलं' म्हणेलच, असं पंच म्हणाले असते. पंचांच्या जागी आबाजी असते तर तेही तसंच म्हणाले असते. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि कापसाची बारीक वात वळली. ठकीनं बाजारासाठी आणलेल्या वालातले मूठभर दाणे घेऊन बुधीच्या ओंजळीत दिले, पुढ्यात वाटी ठेवली.

"आता सुई नाही, हरणं नाही. तोंडानं काही बोलायचं नाही. अंगाला काही लागलं की एक दाणा वाटीत टाक. नाही लागलं तर टाकू नकोस."

प्रत्येक चट्ट्यावर चारदा, उलटसुलट क्रमानं, त्यांनी कापूस टेकवला. अधूनमधून निरोगी जागी टेकवला. कधी नुसताच हात जवळ नेला आणि तसाच मागे घेतला. कमळ्या वाटीकडे पाहत होता. पोर झोपलं होतं. वाटीत दाणा पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी आबाजींनी वहीतली आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं:

चट्ट्यांवर स्पर्श अठ्ठावीस, दाणे अठ्ठावीस. निरोगी जागी स्पर्श बारा, दाणे बारा. स्पर्श न करता दहा वेळा, दाणे शून्य.