नारिंगी पट्ट्यांची खोली

यांत्रिक करवतीचा आवाज आला तेव्हा लिओना टकवेल नवऱ्याची दाढी करत होती. माडीवर, खिडकीशी, अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल कोवळा.

"कुणाचं तरी झाड गेलं," व्हर्ल म्हणाला. झटका येऊन गेल्यापासून त्याचे शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून यायचे. डावं अंग तर हाक मारली तरी येत नसे.

लिओनाने वाकून पाहिलं. झाड नव्हतं. तिची खोली पडत होती.

खोली म्हणजे अजून नुसते खांब. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरल्या त्या टेकडीच्या गावात नियमच तसा. घर वाढवायचं तर आधी त्याचा आकार हवेत उभा करायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडी खांब, खांबांना ताणलेल्या तारा, छप्पर येईल तिथे नारिंगी पट्ट्या. गल्लीने येता-जाता बघावं, बोटं मोडावीत, आणि मग गावाच्या बांधकाम मंडळापुढे सुनावणी. तोवर एक खांब जरी आडवा झाला तरी सुनावणी लांबणीवर.

सुनावणी मंगळवारी होती. कुंपणालगत मोकळ्या सोडायच्या जागेत खोली शिरत होती, म्हणून लिओनाने सूट मागितली होती. खाली पलंग, खाली न्हाणीघर, दार उघडलं की गवत. पानगळीत इस्पितळाच्या माणसांनी व्हर्लला उचलून माडीवर चढवलं, तो वरच राहिला होता. जिना इतका अरुंद, की लिओनाच्या पाठीवरूनही तो उतरत नव्हता.

तिने वस्तरा टाकला आणि ती धावली. दाराशी कुदळ होती, ती हातात आली.

गार्थ पेलरिन दुसऱ्या खांबाला भिडला होता. शेजारी, व्हर्लच्या होडीत कित्येक हिवाळे खेकडे धरलेला, यांच्याच टेबलावर बसून ते फोडून खाल्लेला.

"बंद कर ते."

"बाजूला हो, लिओना. तार उडेल."

"माझ्या अंगणात उभा राहून मलाच बाजूला हो म्हणतोस?"

"अंगण तुझं, गल्ली सगळ्यांची. आज तू कुंपणाला चिकटशील, उद्या पलीकडचा. मग कसली आपली गल्ली?"

"तुझी गल्ली म्हणजे तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी, गार्थ. त्यातून खाडी दिसते तेवढी."

तो हसला. "मंडळ विचारेल, अडचण काय. नियम वाचलास? अडचण जमिनीची लागते, माणसाची चालत नाही. तुझी जमीन ठणठणीत आहे. बिघडलाय तो तुझा नवरा."

आणि त्याने करवत पुन्हा लाकडाला लावली.

लिओनाने कुदळीचा दांडा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज करवतीच्या घरघरीतही ऐकू आला. करवत गवतात पडून माती ओकत बंद पडली. अर्धा कापलेला खांब कलला, तार तुटली आणि सापासारखी उसळून गार्थचा गाल कानापर्यंत उघडत गेली. त्याने दुसऱ्या हाताने लिओनाला ढकललं. तिचं तोंड खांबाच्या बुंध्यावर आपटलं. ओठ फुटला, एक दात जिभेवर आला. तो थुंकून ती उठली, आणि ज्या हातांनी आत्ता साबण लावला होता त्याच हातांनी मारत सुटली. खांद्यावर, बरगड्यांवर, पाठीवर. गार्थ गुडघ्यांवर आला, मग कोपरांवर. पट्ट्या दोघांच्या पायांत गुंतल्या.

"लिओ," वरून आवाज आला. "लिओ, पुरे."

तिने ऐकलं. ऐकून आणखी मारलं.

"येतो मी," व्हर्ल म्हणाला.

तिने वर पाहिलं तेव्हा खिडकी रिकामी होती. मग घराच्या पोटात काहीतरी गडगडलं. पायरी, पायरी, पायरी, आणि तळाशी शांत.

दोघंही धावली. लोंबत्या मनगटाने, रक्ताळल्या गालाने गार्थही धावला. जिन्याच्या तळाशी व्हर्ल मान मोडून पडला होता. गालावरचा फेस वाळला होता. गार्थने चांगला हात त्याच्या डोक्याखाली घातला आणि म्हणाला, "व्हर्ल, ए व्हर्ल, उठ बाबा." होडीत उठवायचा तसं.

लिओना पायरीवर बसली. खाली यायचं होतं त्याला. खाली आला होता.

पोलिसांना गार्थने सांगितलं, करवत हातातून उसळली. लिओनाने काहीच सांगितलं नाही.

मंगळवारी मंडळाच्या अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, वाईट झालं. पण आता खोलीची गरज उरली नाही, तर अर्ज मागे घेता का?"

"घेते," लिओना म्हणाली. ओठ काळानिळा होता, शब्द एका कोपऱ्यातून आले.

"मग खांबही काढून घ्यायचे."

घरी येऊन तिने पडलेले खांब उचलले. तुटक्यांना फळ्या ठोकून जोडलं, नव्या तारा ताणल्या, पट्ट्या बांधल्या. एका खांबावर गार्थचं रक्त होतं. ते तिने त्याच्या खिडकीकडे केलं.

मंडळाकडून पत्र आलं, मग दुसरं आलं. तिने खांब काढले नाहीत. दिवस कलला की ती खुर्ची उचलते आणि चार खांबांच्या मधोमध बसते, जिथे पलंग येणार होता. खाडीवरून वारा येतो, पट्ट्या फडफडतात.

समोर गार्थच्या स्वयंपाकघराला आता जाड पडदा आहे. ऐन उजेडातही तो बंद असतो.