कार्बुरेटरवरचं सील

ऐक मायलेन, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, आणि 'पण' तर अजिबात म्हणू नकोस, कारण चार दिवस अख्ख्या गल्लीचा 'पण' ऐकून माझे कान किटलेत. तू तिकडे कामाग्वेला बहिणीच्या बाळंतपणात बसलीस, आणि इकडे काय काय झालं! आता तुला कोणीतरी सांगेलच की यामिर्काने सहा घरांच्या पोटावर पाय दिला. म्हणून म्हटलं, आधी मीच सांगते.

आमची कोतोर्रा तुला माहितीये. बावन्न सालची शेव्हरोले, पोपटी रंगाची. आई चालवते. बाबा गेल्यापासून तीच एक कमावती आहे घरात, आईपण आणि गाडीपण. पुढच्या काचेखाली जुन्या गाड्यांच्या क्लबची पितळी पाटी आहे ना, ती पाटी असली तरच फिरायला आलेल्या पाहुण्यांना वारादेरोच्या समुद्रावर न्यायची परवानगी. पाटी गेली की मग मातान्सासमध्येच दवाखाना ते बाजार, दवाखाना ते बाजार, आठ माणसं कोंबून. आणि पाटी कोणाला? ज्याची गाडी 'ओरिजिनल' त्याला!

ओरिजिनल! हा शब्द ऐकला ना की हल्ली माझं डोकंच फिरतं. अगं, साठ वर्षांत समुद्रापलीकडच्या अमेरिकेतून कोणी आपल्याला एक स्क्रू विकलाय? तिकडे म्हणे घरबसल्या पत्ता लिहिला की शेव्हरोलेचं काहीही दारात येतं. जगात कुठेही पाठवतात, फक्त आपल्याकडे नाही. मग काय करायचं माणसांनी? ब्रेकमध्ये शाम्पू आणि एरंडेल घालतो. आमचा पाण्याचा पंप रशियन आहे. मागच्या दाराची मूठ फ्रिजची आहे, हसू नकोस, तूच ती उघडून शंभरदा बसलीयेस. आणि आपलाच क्लब, आपलीच माणसं, वर्षातून एकदा चष्मा लावून विचारतात, "कंपनीचंच आहे ना हे?"

बरं, यावर गल्लीचा उपाय तुला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत तशा सहा शेव्हरोले, आणि कंपनीचा कार्बुरेटर एकच. आमचा. एरवी सगळ्यांच्या गाडीत त्या रशियन लाडा गाडीचा कार्बुरेटर, खाली पट्टी ठोकून बसवलेला, आमच्यासुद्धा, कारण चांगला रोज कोण झिजवेल? तपासणीचा दिवस आला की आमच्याकडचा न्यायचा, लावायचा, दाखवायचा, संध्याकाळी पुसून परत आणायचा. पंचवीस वर्षं असंच चाललंय. कधी कोणी चिठ्ठी लिहिली नाही की शपथ घातली नाही. परत आणताना सोबत बशीभर काहीतरी यायचं, पेरूची वडी म्हण, तळलेली केळी म्हण. एवढंच.

यंदा बाकी चौघांची तपासणी मागेच उरकली होती; आर्सेनिओची मंगळवारी होती, आईची शुक्रवारी. आर्सेनिओ म्हणजे माझा पाद्रिनो, आईचा कोंपाद्रे! बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर मला धरलेला माणूस! सोमवारी मी स्वतःच्या हाताने त्याला कार्बुरेटर फडक्यात गुंडाळून दिला. मंगळवारी संध्याकाळ झाली, बशी नाही. बुधवारी सकाळी मी गेले. हा पायरीवर बसून डॉमिनोच्या सोंगट्या पुसतोय.

"पाद्रिनो, कार्बुरेटर?"

"अगं पोरी, काय सांगू तुला. सील ठोकलं त्यांनी."

"कसलं सील?"

बॉनेट उघडून दाखवलं. आपला कार्बुरेटर, आणि त्याच्या झाकणाच्या स्क्रूमधून तार ओवून खाली इंजिनाला बांधलेली, गाठीवर शिशाचा गोळा, गोळ्यावर नंबर. या महिन्यापासून म्हणे नवीन. ओरिजिनल वस्तू ज्या गाडीत सापडली, त्या गाडीच्या नावावर कागदावर चढली. सील तुटलं की पाटी गेली.

"मग आईचं काय?" मी म्हटलं.

"मला कुठे माहीत होतं? माझ्या हातात असतं तर आत्ता काढून दिला असता," आणि एवढं साळसूद तोंड केलं गं, मला उलट त्याचीच दया आली. शप्पथ! घरी येऊन मी आईला म्हटलं, बिचारा पाद्रिनो, त्याचाही काय दोष.

आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्याला माहितीये तो काय आहे ते?"

"कोण?"

"कार्बुरेटर."

आता हे तुला पहिल्यांदा सांगतेय. आतापर्यंत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तो कार्बुरेटर कंपनीचा नाहीच. खरा होता तो मी जन्मायच्या आधीच तडकला. त्या भयंकर वर्षी, जेव्हा ना वीज होती ना साबण, तेव्हा बाबांनी तो तडकलेला समोर ठेवून वाळूत साचा केला. फुटके पिस्टन आणि आजीचं दुधाचं पातेलं वितळवून नवा ओतला. कंपनीची उठावदार अक्षरंसुद्धा हुबेहूब. पहिले तीन फसले, चौथा जमला. आणि आत, पेट्रोल साठतं त्या वाटीच्या तळाला, सुईने कोरलं: Z, म्हणजे सोराइदाचं पहिलं अक्षर, माझी आई. खाली '९३. पंचवीस वर्षं तपासनीस येतात, बोट फिरवतात, म्हणतात, "वा, ही खरी अमेरिकन वस्तू!" आणि बाबा मागे उभे राहून मिशीतल्या मिशीत हसायचे. मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर सहाही पाट्या गेल्या असत्या ना.

शुक्रवारी आम्ही लाडाचाच कार्बुरेटर लावून क्लबच्या पटांगणात गेलो. आई म्हणाली, माणसंच आहेत, बोलून बघू. तपासनीस कॉम्रेड फुंदोरा, हातात वही, कानावर पेन्सिल. आणि तिथे कोण? आर्सेनिओ! नवी पाटी घ्यायला आलेला, गाडी धुऊन चकचकीत. मी हात केला, त्याने टोपी नीट केली.

फुंदोराने बॉनेट उघडलं नि बंद केलं. "रशियन. नापास."

आई म्हणाली, "कॉम्रेड, दरवर्षी तुम्हीच पास करता. यंदा सीलमुळे अडचण झाली. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभर द्या."

"सांगितलं नव्हतं?" फुंदोराने वहीच उघडली. "मागच्या महिन्याच्या सभेत वाचून दाखवलं, मोठ्याने. प्रत्येक गल्लीचा एक माणूस होता. ही बघा तुमच्या गल्लीची सही."

सही आर्सेनिओची.

मायलेन, मला आठवलं. त्या दिवशी आई वारादेरोला गेली होती, म्हणून सभेला तो गेला. परत आल्यावर मीच विचारलं होतं, काय झालं सभेत? "काही नाही गं, भाषणं. डुलक्या काढल्या मी." डुलक्या! म्हणजे सोमवारी माझ्या हातातून फडकं घेताना त्याला माहीत होतं! पायरीवर ते तोंड करून बसला तेव्हाही माहीत होतं!

मी त्याच्याकडे वळले. "पाद्रिनो, तुम्हाला माहीत होतं?"

तो माझ्याकडे बघतच नाही. आईकडे बघून म्हणतो काय, "सोराइदा, नियम म्हणजे नियम. मी काय करणार? आणि एवेलिओ असता तर त्यालाही पटलं असतं. त्याला गाड्यांची कदर होती."

माझ्या बाबांचं नाव! त्या कार्बुरेटरच्या शेजारी उभं राहून!

आईने माझं मनगट धरलं होतं, घट्ट. तिला कळलं होतं मी काय करणार. मी हात सोडवला. आपल्या गाडीतून पक्कड घेतली, त्याच्या गाडीपाशी गेले, बॉनेट वर केलं आणि तार तोडली. कट्टकन. शिशाचा गोळा खाली पडून घरंगळत फुंदोराच्या बुटापाशी गेला.

"ए! ए! वेड लागलं का हिला?" आर्सेनिओ धावला.

"हात लावू नका मला!" एवढी ओरडले की पटांगणातली सगळी माणसं वळली. एअर फिल्टर काढला, झाकणाचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं. वाटीत थोडं पेट्रोल होतं. त्या पिवळ्या पेट्रोलखाली बाबांचा Z. बोटाने पुसलासुद्धा नाही मी. तसाच दिसत होता.

"या कॉम्रेड, बघा तुमचं ओरिजिनल. वाचा. ही कंपनीची अक्षरं नाहीत. हा एवेलिओ पेद्रोसोने घराच्या मागे, चुलीवर ओतलाय. यात माझ्या आजीचं दुधाचं पातेलं आहे. पंचवीस वर्षं तुम्ही याच्याच पाठीवर शाबासकी देताय!"

फुंदोरा वाकला. खूप वेळ बघत होता गं. खिशातून भिंग काढलं, अक्षरांवरून नख फिरवलं. एकदाच म्हणाला, हळूच, "हाताने केलंय?" मला क्षणभर वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलणार. तर सरळ उभा राहिला, पेन्सिल कानावरून काढली आणि म्हणाला, "म्हणजे बनावट. अजून कोणकोणत्या गाड्यांना लागलाय हा?"

मी एकही नाव घेतलं नाही. पण त्याच्याकडे वही होती ना. दरवर्षीच्या नोंदी. सहा शेव्हरोले, एकच गल्ली, तेच ते वर्णन. मूर्ख नव्हता तो. तिथेच उभ्या उभ्या सहाही पाट्या रद्द केल्या, पुढचा आदेश येईपर्यंत.

बनावट! अगं, कंपनी बंद, दुकान बंद, बंदर बंद, आणि एक माणूस चुलीपाशी बसून वस्तू अशी घडवतो की तुमच्या भिंगाला पंचवीस वर्षं कळत नाही, त्याला शब्द काय, तर बनावट?

मग आई पुढे आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिने आर्सेनिओच्या गाडीतून कार्बुरेटर सोडवला, दोन नट, झग्याच्या टोकात धरला. "सील तुटलंय. आता हा कोणाच्या गाडीचा नाही, माझ्या नवऱ्याचा आहे." तिथेच आमच्या गाडीला बसवला. आणि काढलेला लाडाचा आर्सेनिओच्या हातात ठेवला, पट्टीसकट. "घे कोंपाद्रे. घरापर्यंत नेईल तुला."

त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

घरी येताना कोतोर्रा कशी चालली सांगू! पुलावर आई एकदम म्हणाली, "झेड जरा वाकडा आलाय, नाही? त्याचा हात कापत होता तेव्हा. उपाशी होता." आणि हसली. बास.

पण गल्ली! बासिलिआ, जी नवी लग्न झालेली जोडपी समुद्रावर न्यायची, तिने संध्याकाळी दारात गाठलं. "राग एकावर होता, यामिर्का, मारलंस सहा जणांना. मी तुझं काय वाकडं केलं होतं?" तिने काहीच केलं नव्हतं. ती तर दरवर्षी सर्वांत मोठी बशी आणायची. मी म्हटलं, आर्सेनिओला विचार ना, सही त्याची आहे. तर म्हणाली, "तो खोटं बोलला, पण माझी पाटी तू घालवलीस." दार लावून घेतलं. आणि आर्सेनिओ? त्याच्या पायरीवर आता चार जण बसतात, डॉमिनो खेळतात, त्याला कॉफी देतात! त्याला!

आई आज सकाळपासून दवाखाना ते बाजार करतेय. आठ माणसं कोंबून. सांगते सगळ्यांना, गाडी थांबवून, बॉनेट उघडून: हे माझ्या नवऱ्याने केलंय. लोक उतरून बघतात म्हणे. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

आणि बासिलिआची गाडी दारात उभी आहे, चार दिवस हललेली नाही. येता-जाता मला तिच्यासमोरून जावं लागतं.

बोल आता. त्याने बाबांचं नाव घेतलं, आणि समज, पक्कड तुझ्या हाताशी होती. तू काय केलं असतंस?