पुढे गेलेली खुर्ची

लोकांचे कार्यक्रम आखून देणाऱ्या त्या ऑफिसात ‘कचरा’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ‘दान’ हाही. दोन्ही शब्द ताईनेच हद्दपार केले होते. कार्यक्रम संपल्यावर उरलेलं जेवण, फुलं, कापडी फलक, सजावटीचे तुकडे, यातल्या कशालाच कचरा म्हणायचं नाही, कारण कचरा म्हटलं की माणूस फेकून मोकळा होतो. आणि दान म्हणायचं नाही, कारण मग घेणाऱ्याची मान खाली जाते. मग म्हणायचं काय? तर ‘पुढे’. जेवण पुढे गेलं. फुलं पुढे गेली. सुरुवातीला सामान उचलणारी मंडळी गालातल्या गालात हसली. मग शब्द असा काही अंगवळणी पडला की त्यांचा म्होरक्या लंबू घरी बायकोलाही सांगायचा, “ही चादर विरली, पुढे कर.”

नियम सोपा होता. हॉल रिकामा करताना ज्या वस्तूवर पिवळी पट्टी असेल ती थांबणार, म्हणजे मालकाकडे परत जाणार. पट्टी नसेल ते सगळं पुढे. शंका असली तर ताईला विचारायचं. तिला नावाने हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. साहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे, आणि ते तिच्याहून वयाने बरेच मोठे होते.

ताईच्या कार्यक्रमांना एक पाहुणा ठरलेला असायचा, बोलावलेलं असो वा नसो. तिचे बाबा. जन्मभर बस चालवून त्यांच्या पाठीचा खुळखुळा झाला होता, त्यामुळे ते बसायला स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. लाकडी, घडीची, जाड कापडाची. कापड एकदा मधोमध फाटलं तेव्हा आईने स्वयंपाकघराच्या पडद्यातलं उरलेलं निळ्या चौकड्यांचं ठिगळ त्याला लावलं होतं. बाबा दारातून शिरताना खुर्ची खाकोटीला मारून यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “तुमच्या खुर्च्या पर्यावरणाला बऱ्या असतील, माझ्या पाठीला नाहीत.” ताईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा बाबा चहा घ्यायला उठले नि परत येऊन बघतात तर लंबू त्यांची खुर्ची मिटून ट्रककडे निघालेला. तेव्हापासून त्यांनी ताईकडून पिवळी पट्टी मागून घेतली, तिच्यावर बॉलपेनने ‘मालक येतोय’ असं लिहिलं आणि खुर्चीच्या हातावर चिकटवून टाकली. “मलाही एक चिकटव,” ते म्हणाले, “नाहीतर तुझी माणसं एक दिवस मलाच पुढे पाठवतील.” लंबूला हा विनोद इतका आवडला की तो भेटेल त्याला सांगत सुटला.

मग एका सकाळी दाढी करता करता बाबा मोरीच्या कडेला टेकले, ते उठलेच नाहीत.

ताईला काही वाटलं नाही. वाईट वाटलं नाही असं नव्हे. वाटण्याच्या खात्यात कुणी हजरच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो, तसं अख्खं अंग. लोक म्हणाले, किती खंबीर पोरगी. ती “हो” म्हणायची आणि खुर्च्या मोजायला लागायची. शोकसभा तिनेच आखली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. तोडलेली फुलं नकोत म्हणून रोपवाटिकेतून भाड्याने कुंड्या आणल्या. कागदी पेले नकोत, काचेचे आणले. वाढणाऱ्या बायकांनी आधी बसून खायचं, मग पाहुण्यांनी, हा तिचा नेहमीचा दंडक होता. तो तिने इथेही मोडला नाही. आत्या कुरकुरली, “भावाच्या शोकसभेत मी ताटकळतेय आणि वाढणाऱ्या जेवतायत!” ताई म्हणाली, “दहा मिनिटं, आत्या.” गळ्यात तिच्या ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. सकाळी साडी नेसून झाल्यावर हाताने आपोआप ते गळ्यात घातलं होतं, आणि काढ म्हणायला कुणाला धीर झाला नाही.

समोर, मधोमध, बाबांची रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर त्यांचा फोटो टेकवला. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, “ताई, ती पिवळी पट्टी दिसतेय फ्रेममध्ये.” ताईने वाकून पाहिलं. पट्टीवर लिहिलं होतं, मालक येतोय. तिला एवढंच वाटलं की हो, खरंच दिसतेय. तिने ती नखाने सोलून काढली. पट्ट्या फेकायच्या नाहीत, पुन्हा वापरायच्या, हाही तिचाच नियम. म्हणून ती ओळखपत्राच्या पाठीला चिकटवून ठेवली आणि विसरून गेली.

सभा संपली. ताई दारात उभी राहून एकेकाला निरोप देत होती. बाबांच्या डेपोतले एक म्हातारे ड्रायव्हर तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “पुढे गेला गं तुझा बाप. आम्ही बसलोय मागे.” नेमका तेव्हाच बाजूने लंबू आला. आज तो हळू आवाजात बोलत होता.

“ताई, खुर्ची... पुढे?”

“हो,” ताई म्हणाली, “पुढे.”

दोघांपैकी कुणाला उत्तर दिलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी सकाळी आईने विचारलं, “ह्यांची खुर्ची कुठे ठेवलीस?”

ताई चहा गाळत होती. ती तशीच गाळत राहिली.

“मला बसायचंय तीत,” आई म्हणाली. “ह्यांच्या बसण्याने खळगा पडलाय तिला. बाकी घरात सगळं सपाट आहे.”

“दुरुस्तीला दिलीय.”

“मोडली होती?”

“थोडीशी.”

“लवकर आण,” आई म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर जाऊन बसली, पाहुण्यासारखी.

ऑफिसात पोचल्या पोचल्या ताईने लंबूला गाठलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. “तुम्हीच हो म्हणालात, ताई. पट्टी पण नव्हती. मला वाटलं, तुम्ही म्हणजे... मन मोठं करून...”

“बरोबर आहे तुझं,” ताई म्हणाली. तिने त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बिचाऱ्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, “कुठे उतरवली?”

बेघरांच्या निवाऱ्यावर. तिथला माणूस ताईला ओळखत होता. चांगलं चालतंय म्हणाला, परवाचं जेवण पुरून उरलं म्हणाला. खुर्ची? घडीची खुर्ची आम्ही ठेवत नाही हो, बोटं चिमटतात. ती आम्ही पुढे पाठवली. ‘पुढे’ तो अगदी ताईच्या थाटात म्हणाला. जिथे जिथे तिचं सामान गेलं होतं, तिथे तिथे तिचा शब्दही पोचला होता.

पुढे म्हणजे शिवणशाळेत. लांबट खोली, ओळीने मशीन्स, जुन्या फलकांच्या चळती. तिथल्या बायका जुन्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, आणि त्या सगळ्या पिशव्या ताईच्याच कंपनीने मागवल्या होत्या, साहेबांच्या मोठ्या परिषदेसाठी. परिषदेचा विषय होता ‘जबाबदार आयोजन’. पाहुण्याला दुकानातली पिशवी द्यायची नाही, वापरलेल्या कापडाची द्यायची, आणि शिवणाऱ्या बाईला रास्त मजुरी द्यायची. कल्पना ताईची. साहेबांनी त्यावर तिची पाठ थोपटली होती.

शिवणशाळेच्या मावशींनी ताईला बघून मशीन थांबवलं. “निळ्या चौकड्या? हो, लक्षात आहे ना! कापड कसलं दणकट होतं ते. सुई मोडली माझी. एक मोठी पिशवी झाली. आणि लाकडाच्या दांड्या तुमच्याच माणसांनी नेल्या, पिशव्या टांगायचा स्टँड करायला.” मावशींनी चष्मा वर केला. “का हो? काही चुकलं का?”

“नाही. छान काम आहे तुमचं.”

“पिशव्या सकाळीच गेल्या सगळ्या. तुमचाच माल तुमच्याकडे आला, ताई.”

परिषदेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. प्यायच्या पाण्याला माठ, जेवायला धातूची ताटं, सफाईच्या बायकांना विश्रांतीची वेगळी खोली, पायऱ्यांपाशी चाकांची खुर्ची जावी म्हणून उतार. सगळं जिथल्या तिथे. साहेब मंचावरून म्हणाले, “संध्याकाळी आपण इथून उठू, तेव्हा मागे काहीही उरलेलं नसेल.” टाळ्या पडल्या. ताई टाळ्या वाजवत नव्हती. ती रांगांमधून हिंडत लोकांच्या खांद्यांकडे बघत होती. स्टँडच्या दांड्या तिने येताना पाहिल्या होत्या. तासून, रंग देऊन पांढऱ्या केलेल्या. त्यातल्या बाबांच्या कुठल्या ते कळायला मार्ग नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तिला निळ्या चौकड्या दिसल्या. हसऱ्या चेहऱ्याचा एक पाहुणा ताट हातात घेऊन उभा होता आणि पिशवी त्याच्या कोपराला हिंदकळत होती.

“माफ करा, ही पिशवी बदलून देऊ का? दुसरी देते.”

“अहो, नको! हीच आवडली मला. बघा ना, हे ठिगळ किती खुलून दिसतंय. मुद्दाम लावलंय ना?”

“मुद्दाम नाही. फाटलं होतं.”

“म्हणजे?”

“माझ्या वडिलांची खुर्ची आहे ती,” ताई म्हणाली. हात धुवायची जागा उजवीकडे आहे, हे ती ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात.

पाहुण्याने ताट खाली ठेवलं. पिशवीतली पेनं, पुस्तिका, पाण्याची बाटली, सगळं तिथल्या तिथे टेबलावर ओतलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. भला माणूस होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्याचे ओठ हलत राहिले. ताईनेच त्याची सुटका केली. “सकाळचं सत्र कसं वाटलं?” तिने विचारलं.

संध्याकाळी आई पलंगाच्या त्याच कडेवर बसली होती. ताईने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. निवारा, शिवणशाळा, परिषद. दुरुस्तीचं खोटं बोलले होते, हेही सांगितलं. लंबूने विचारलं आणि मी हो म्हणाले, हेही.

आईने पिशवी उलटी करून ठिगळ उजेडाकडे धरलं. बोटाने चाचपलं. “टाके माझेच,” ती म्हणाली. मग पिशवी सुलट केली. “लाकूड?”

“पुढे गेलं.”

“शिवलीय चांगली. पण हिच्यात बसू कशी मी?”

आई चिडली नाही. नुसती ठिगळावरून अंगठा फिरवत राहिली. खळगा शिवणीत कुठेच शिल्लक नव्हता.

“पण मी म्हणते, त्यांनी हात लावलाच कसा?” आई एकदम म्हणाली. “ह्यांची पट्टी होती ना वर? इतक्या वेळा ती खुर्ची तुमच्या हॉलमध्ये राहिली, कुणाची हिंमत झाली नाही. तुझ्या त्या लंबूला वाचता येत नाही का?”

इथे ताईला गप्प बसता आलं असतं. लंबू काही घरी येऊन खुलासा करणार नव्हता. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, उलटं केलं आणि आईसमोर धरलं.

“त्याची चूक नाही. पट्टी मी काढली.”

“का?”

“फोटोत दिसत होती.”

आईने चष्मा शोधला, लावला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सावकाश वाचलं, “मालक... येतोय.”

ताईने ती अक्षरं किती वेळा पाहिली होती. पण ती ऐकली आज पहिल्यांदा, तीही आईच्या आवाजात, आणि आईची नजर वाचता वाचता दाराकडे गेली. ताईनेही मागे वळून दाराकडे पाहिलं.

आईने पट्टी अलगद सोडवली आणि पिशवीवर, ठिगळाच्या जरा वर, दाबून बसवली. पट्टी चिकटेना. तिच्यावरचा डिंक केव्हाच संपला होता. आई अंगठ्याने दाबायची, हात काढला की पट्टी सुटून मांडीवर पडायची. पुन्हा दाबायची, पुन्हा पडायची.

“माझ्याकडे नवीन आहे,” ताई पर्स उघडत म्हणाली. “अख्खं बंडल आहे.”

“नवीन काय करायचीय?” आई उठली. “धर तू हिला इथे. मी सुईदोरा आणते.”

ताई जमिनीवर बसली, पिशवी गुडघ्यांवर घेऊन, दोन बोटांखाली पट्टी दाबून. आई डब्यातून निळा दोरा शोधून आली, दोन खेपा चुकून तिसऱ्यांदा तिने तो सुईत ओवला आणि पहिला टाका घातला. तेव्हा ताईला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं, आवाज करून, नाकातोंडातून, लहानपणी फुटायचं तसं. बोटांखालची पट्टी सरकायला लागली.

“रड,” आई सुई वर ओढत म्हणाली. “पण बोट काढू नकोस.”